गाडीमालकांना भेटायला निघताय? आधी त्यांच्या थकबाकीची यादी काढा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत तुम्ही नुकतेच व्हेंडर डेव्हलपमेंटला, म्हणजे कंपनीला गाड्या देणारे मालक जोडायच्या आणि सांभाळायच्या कामाला, आला आहात. चाकणहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळीकडे माल नेणाऱ्या चौदा गाडीमालकांना पाच दिवसांत रस्त्याने जाऊन भेटायचंय. साहेबांनी चाळीस मुद्द्यांची चेकलिस्ट हातात दिली आहे आणि तिथे जाऊन नेमकं बघायचं काय, बोलायचं काय, असं तुम्ही विचारताय.

या कामात माझी बावीस वर्षं गेली. सुरुवात निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये बिल्ट्या, म्हणजे मालाच्या वाहतुकीच्या पावत्या, लिहिण्यापासून झाली, पुढे गाड्या लावून घेण्याचं काम आलं, आणि त्यातली निम्मी वर्षं याच पुणे–हुबळी पट्ट्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

चौदा जण पाच दिवसांत होत नाहीत. हजेरी लावून होते, भेट होत नाही. पुणे ते हुबळी साधारण साडेचारशे किलोमीटर, जाऊन-येऊन नऊशे, आणि वाटेत पेठ नाक्यावरून सांगलीकडे किंवा हायवे सोडून इचलकरंजीकडे आत शिरावं लागतं ते वेगळंच. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाची कामं किती वर्षं चालली आहेत ते तुम्हाला ठाऊकच असेल, तेव्हा गूगल सांगेल त्या वेळेत एक तास मिळवा. दिवसाला दोन भेटी नीट होतात, तिसरी जमली तर जमली. चौदातले नऊ निवडा. निवडताना सगळ्यात जास्त गाड्या देणाऱ्यांच्या मागे लागू नका, ज्यांच्या गाड्या वर्षभरात हळूहळू कमी झाल्या ते आधी घ्या. महिन्याला वीस गाड्या लावणारा आता सहा लावतो. त्याने भांडण केलेलं नाही, पत्र लिहिलेलं नाही. फोन केला की तो फक्त 'बघतो साहेब, गाडी बाहेर आहे' एवढंच म्हणतो. त्याचं कारण फोनवर कधीच कळत नाही.

वेळही जपा. सकाळी आठ ते साडेदहा मालकाच्या कानाला फोन चिकटलेला असतो. कुठली गाडी खाली झाली, कुठली पंक्चर झाली, कुणाला परतीचा माल मिळाला, हे सगळं तेव्हाच चालतं. अकरानंतर जा, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. अमावास्या टाळा. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या गाड्यांना नारळ फुटतात, लिंबू-मिरची बदलते, आणि तुमच्याशी बोलायला कुणी मोकळं नसतं. गाळप हंगाम सुरू झाल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, कोल्हापूर-सांगलीकडे जाल तर गाड्या आणि ड्रायव्हर दोन्ही उसाकडे वळलेले दिसतील. हे बघायला त्याच काळात एकदा जरूर जा, पण दर ठरवायला तेव्हा जाऊ नका.

आता त्या चाळीस मुद्द्यांकडे येऊ. फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी, नोंदणीचं साल हे सगळं गाडी नंबर टाकला की वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर दिसतं. निघण्याआधीच्या दोन दिवसांत पुण्यात बसून ते भरून टाका. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दोन-दोन वर्षांचं असतं, त्यानंतर दरवर्षी, म्हणून जुन्या गाड्यांच्या तारखा वेगळ्या काढा. आणि नॅशनल परमिटला वयाची अट आहे : साध्या दोन ॲक्सलच्या गाडीला बारा वर्षं, मल्टिॲक्सलला पंधरा. बेळगावच्या पुढे जाणाऱ्या गाड्यांत अकरा वर्षांच्या सहाचाकी जास्त दिसल्या, तर पुढच्या वर्षी तो मालक तुम्हाला किती गाड्या देऊ शकेल याचा हिशेब तिथेच होतो. मालकाच्या ऑफिसात बसून 'विम्याची प्रत दाखवा' म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा आला की मालक 'मी बाहेरगावी आहे' असा निरोप ठेवतो.

निघताना बरोबर घ्यायचे कागद वेगळेच आहेत. प्रत्येक मालकाची आपल्याकडची थकबाकी, बिलवार, आणि कुठलं बिल कशासाठी अडलं आहे ते. गेल्या सहा महिन्यांत आपण किती गाड्या मागितल्या आणि त्याने किती लावल्या. आणि आपल्या गेटच्या रजिस्टरवरून त्याच्या गाड्या किती तास खोटी झाल्या, म्हणजे नुसत्या अडकून उभ्या राहिल्या, ते. हे तिसरं तुमच्या सिस्टममध्ये नसणार. का नसणार ते पुढे सांगतो.

थकबाकीची यादी मी इतक्या आग्रहाने का सांगतो त्यामागे माझी एक चूक आहे. बरीच वर्षं झाली. कराडजवळच्या एका मालकाकडे गेलो होतो. दहा-बारा गाड्यांचा धनी, शांत माणूस. मी दराबद्दल, नव्या लाइनबद्दल, आमच्या मोठमोठ्या बेतांबद्दल बोलत सुटलो. त्याने सगळं ऐकलं, चहा पाजला आणि निघताना म्हणाला, 'साहेब, ते चार लाख ऐंशी हजाराचं तेवढं बघा.' मला काही माहीत नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं : 'येत्या शुक्रवारी होईल.' पुण्यात आल्यावर कळलं, सात बिलांना मूळ पीओडीच, म्हणजे माल मिळाल्याची सही असलेली पोच, लागलेली नव्हती, आणि अकाउंट्सचं म्हणणं 'पोच नाही तर पैसे नाहीत.' शुक्रवार गेला, पुढचे सहा शुक्रवार गेले. पैसे अखेर मिळाले, पण पुढची तीन वर्षं त्याची एकही गाडी आमच्या गेटवर आली नाही. माझा फोन मात्र तो दरवेळी उचलायचा आणि गोड बोलायचा. त्या सात पोच आमच्याच डेपोच्या कपाटात होत्या, हे खूप उशिरा समजलं.

म्हणून यादी घेऊन जा, आणि तारीख द्यायचा अधिकार आपल्याकडे नसेल तर तारीख देऊ नका. 'सात बिलं पोचीवाचून अडली आहेत, नंबर हे, मी जाऊन कपाटं बघतो आणि सोमवारी काय सापडलं ते सांगतो' एवढं बोललात तरी मालकाला पुरतं. उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. आणि आकारणी वर्ष २०२४-२५ पासून ती मुदत चुकवली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च देणाऱ्या कंपनीला आयकरात धरता येत नाही. तुमच्या अकाउंट्सला हे ठाऊक असतं. मालकांपैकी निम्म्यांना नसतं. कुणाची उद्यम नोंदणी आहे हे विचारून घ्या आणि परत आल्यावर अकाउंट्सपुढे ठेवा. तुमच्या विनंतीपेक्षा तो कागद लवकर काम करतो.

पैशांचं गणित मालकाच्या बाजूने एकदा मांडून बघा, म्हणजे तुमच्या सहा गाड्यांचं कोडं सुटेल. समजा दहाचाकी गाडी आहे, चाकण–हुबळी जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर. भरल्या-रिकाम्याची सरासरी लिटरला चार धरली तर सव्वादोनशे लिटर डिझेल. लिटरला नव्वदने धरलं तर वीस हजारांच्या वर झाले. त्यात टोल, ड्रायव्हरची खर्ची, हमाली. हा झाला फेरीचा खर्च. तो फेरी केली तरच होतो. पण हप्ता, विमा, परमिट, ड्रायव्हरचा पगार हे गाडी उभी असली तरी चालूच. समजा महिन्याला ते एक लाख. महिन्यात आठ फेऱ्या झाल्या तर फेरीमागे साडेबारा हजार पडतात. प्रत्येक फेरीत तुमच्या गेटवर आणि समोरच्या गेटवर मिळून एक दिवस वाया गेला आणि फेऱ्या सहावर आल्या, तर फेरीमागे सोळा हजार सहाशे. चार हजारांच्या वर फरक पडला, आणि त्यात दराचा कुठे संबंध नाही.

शिरोलीचे एक आबा आहेत, तीस वर्षं या धंद्यात. भाडं वाढवण्याबद्दल विचारलं तर मला म्हणाले, 'भाडं राहू दे. गेटावरनं लवकर सोडा. तुमच्याकडं गाडी गेली की घरचं लगीन असल्यागत बसून राहत्या.' मी नंतर त्यांच्यासाठी दरात एक रुपया वाढवला नाही, फक्त पहाटे येणाऱ्या त्यांच्या गाड्यांना दुपारी दोनच्या आत भरती मिळेल अशी वेळ ठरवून घेतली. महिन्यातून पाच गाड्या यायच्या त्या अकरा झाल्या. सगळ्यांच्या बाबतीत असं होईल असं नाही. ज्याच्या परतीच्या भाड्याची बोंब आहे त्याला गेटच्या वेळेने फारसं काही मिळत नाही, तिथे दुसरं बघावं लागतं.

आणखी एक. बाजारात ब्रोकरकडचा माल भरला तर गाडी सुटतानाच भाड्याचा मोठा हिस्सा ॲडव्हान्स म्हणून हातात पडतो, उरलेला बॅलन्स पोच दिल्यावर. आपण करारवाले, तीस-पंचेचाळीस-साठ दिवसांनी देणारे. पंपवाला उधारी देतो पण पंधरा दिवसांवर तोही डोळे वटारतो. म्हणून दिवाळीच्या आधी बाजार तापला की मालक तुमच्याशी बेइमानी करून बाजारात जातो असं समजू नका. त्याला पंपाचं बिल द्यायचं असतं.

आता यार्डात काय बघायचं. ऑफिसात बसण्याआधी 'जरा गाड्या बघू या का' म्हणा. मालकाला हे आवडतं, आणि तुम्हालाही चहाबरोबर मिळणार नाही ते तिथे मिळतं. उभ्या गाड्या मोजा आणि प्रत्येकीच्या टायरखाली बघा. टायरच्या कडेने गवत आलेलं असेल, तर ती गाडी दुरुस्तीला नाही, ड्रायव्हरविना उभी आहे. 'चाळीस गाड्या आहेत' म्हणणाऱ्याच्या यार्डात अशा सहा गाड्या दिसल्या, तर गाड्या चाळीस असल्या तरी ड्रायव्हर चौतीसच आहेत. तुम्हाला ड्रायव्हर लागतात. टायरचा ढीग बघा. मागच्या चाकांवर रिमोल्ड, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवलेला टायर, असणं ठीक आहे, सगळेच वापरतात. पुढच्या चाकावर रिमोल्ड दिसला तर त्या मालकाची गाडी घाटाच्या लाइनला लावू नका. स्टेपनी आहे का आणि साखळीकुलपात आहे का, ताडपत्र्या घडी घालून ठेवल्या आहेत की कोपऱ्यात कुजतायत, हेही दिसेलच. जूनमध्ये पॅकिंगच्या खोक्यांत पाणी शिरलं की तुमच्या नुकसानभरपाईच्या दाव्याचा उगम तिथल्या कोपऱ्यात सापडतो.

गाड्यांच्या दारावरची नावं वाचा. एकाच यार्डात तीन फर्मची नावं दिसतील : एक मालकाची, एक भावाची, एक वहिनींची. त्यात लगेच काळंबेरं शोधू नका. ज्याच्याकडे वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतात, त्याने पॅन देऊन तसं लिहून दिलं की भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. घरातल्या वाटण्या बऱ्याचदा दहाच्या हिशेबाने का झालेल्या असतात ते आता लक्षात येईल. तुम्ही बघायचं एवढंच की बिल्टी, बिल आणि गाडीची नोंदणी एकाच फर्मची आहे ना. नसेल तर दावा उभा राहिला की माल हरवल्याचं दुःख कमी आणि जबाबदार कोण यावरचा खल जास्त, असं होतं. तसंच स्वतःच्या गाड्या किती आणि अटॅच केलेल्या, म्हणजे दुसऱ्याच्या पण याच्या नावावर धंदा करणाऱ्या, किती, हे स्पष्ट विचारा. अटॅच गाड्या असणं हा गुन्हा नाही. लपवणं मात्र वाईट.

आणि मालक नसताना धंदा कोण चालवतं ते शोधा. सांगलीजवळच्या एका यार्डात मी चार वर्षं मालकाशीच बोलत होतो. एकदा ते आजारी पडले आणि गेलो तर त्यांची सून टेबलावर होती. समोर तीन फोन आणि एक मोठी आडवी वही. वहीत प्रत्येक गाडीला एक ओळ, आणि ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत लाल पेनाने. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने साडेचारशे किलोमीटरला तीन दिवस मिळतात, पण शनिवारी पोहोचलेली गाडी समोरच्या गेटवर सोमवारपर्यंत उभी राहिली की मुदत संपते. मुदत संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यावी लागते. ती बाई रात्री दीडचा गजर लावून ते करत होती. चार वर्षं आमच्या एकाही गाडीला त्या कारणाने दंड झाला नव्हता, आणि आम्ही दरवर्षी 'उत्कृष्ट भागीदार' म्हणून ट्रॉफी देत होतो सासऱ्यांना. त्या दिवसापासून दर सोडून बाकी सगळं मी तिच्याशीच बोलू लागलो. दर मात्र शेवटपर्यंत सासऱ्यांनीच ठरवला, तो त्यांचा मान.

गेटच्या तासांचं सिस्टममध्ये का नसतं म्हणालो होतो, ते सांगतो. एक रात्र ट्रकच्या केबिनमधून जा. कंपनीची आणि मालकाची परवानगी घ्या, मालाच्या मालकाचा प्रतिनिधी म्हणून कागद बरोबर ठेवा, आणि चाकणहून निदान साताऱ्यापर्यंत बसा. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा ड्रायव्हर पन्नाशीचे होते, त्यांना सगळे मामा म्हणत. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीला बोगदा नव्हता, तो साताऱ्याहून येणाऱ्यांना. आपल्याला घाट चढावा लागायचा. रात्रीचा दीड, गाडी भरलेली, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हतंय, मागून खासगी बसवाले दिवे मारतायत, आणि मामा एका हाताने स्टिअरिंग सांभाळत घाट संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. वर पोहोचल्यावर शर्टाच्या खिशातून त्यांनी एक छोटी डायरी काढून माझ्या हातात दिली.

'वाचा साहेब.'

त्या दिवसाच्या पानावर पेन्सिलीने : गेटला ४.१०. आत ५.३० दुपारी. भरती ७.४०. कागद ९.४५. म्हणजे पहाटे चार दहाला गेटवर आलेली गाडी रात्री पावणेदहाला मोकळी झाली. साडेसतरा तास. आमच्या डॅशबोर्डवर त्याच गाडीचा लोडिंगचा वेळ दोन तास दहा मिनिटं हिरव्या रंगात होता, कारण आमचं घड्याळ गाडी आत घेतल्यापासून सुरू व्हायचं. बाहेर रस्त्यावर उभं राहिलेले तेरा-साडेतेरा तास कुणाच्याच हिशेबात नव्हते. मामांनी त्या तासांत आंघोळ केली नव्हती, कारण गेटबाहेर सोय नव्हती. झोपले नव्हते, कारण रांग पुढे सरकली की गाडी काढावी लागते. आणि आता ते भरली गाडी घेऊन रात्री घाटात होते. कायदा सांगतो, दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. मामांच्या डायरीत स्टिअरिंगवरचे तास आठाच्या आत बसतही असतील, पण जागं राहण्याचे तास त्यात कुठे मोजणार?

२०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला. चांगली गोष्ट आहे. पण तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि मे महिन्यात रांगेत उभ्या जुन्या केबिनमध्ये दुपारी बसून बघा एकदा, म्हणजे अहवालात लिहायला शब्द शोधावे लागणार नाहीत. मी परत येऊन गेटच्या रजिस्टरमध्ये 'रांगेत आल्याची वेळ' हा एक रकाना वाढवून घेतला. त्यासाठी सुरक्षा विभागाशी दोन महिने हुज्जत घालावी लागली, आमच्या खात्याचे आकडे लाल झाले आणि साहेब नाराज झाले. पण वर सांगितलेली आबांची दुपारी दोनची वेळ त्याच रकान्यातून निघाली.

कोणता मालक अडचणीत उभा राहील हे भेटीत कळतं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पूर्ण नाही कळत. पण वाईट दिवसांबद्दल विचारलं की अंदाज येतो. या पट्ट्यात विचारायचा प्रश्न ठरलेला आहे : '२०१९ च्या पुरात तुमच्या गाड्या कुठे होत्या?' ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा काही दिवस तेच. ट्रकांच्या मैलोन्‌मैल रांगा. त्यात आमच्या नऊ गाड्या होत्या, चार मालकांच्या. एकाने फोन बंद ठेवला. दोघांनी रोज एकदा 'अजून तिथंच आहे' एवढं कळवलं. चौथ्याने पोरगा मोटारसायकलवर पाठवून सगळ्या नऊ ड्रायव्हरांना, म्हणजे स्वतःचे तीन आणि इतरांचे सहा, भाकरी आणि पाणी पोचवलं आणि ताडपत्र्या पुन्हा बांधून घेतल्या. तो दराने सगळ्यात महाग होता. अजूनही आहे. ज्या मालाला उशीर आणि ओल चालत नाही तो आजही त्याच्याच गाडीतून जातो.

हा प्रश्न विचारला की मालक खुर्चीत सरसावून बसतो. तेव्हा मध्ये बोलू नका. ड्रायव्हरांचं नाव घेऊन सांगतोय की 'गाडी' 'गाडी' एवढंच म्हणतोय ते ऐका. २०२४ च्या जानेवारीत अपघाताच्या नव्या कलमावरून ड्रायव्हरांनी संप केला होता, त्याबद्दलही विचारा. तो संप मालकांचा नव्हता, ड्रायव्हरांचा होता, आणि आपल्या ड्रायव्हरला तेव्हा काय वाटत होतं हे ज्याला सांगता येतं त्याचे ड्रायव्हर सहसा टिकतात.

बोलणी दरावर येणारच. भेटीतच दर ठरवू नका, हे माझं पक्कं मत. ऐकून घ्या, लिहून घ्या. एका मालकाचा दर दुसऱ्याला सांगू नका, सूचकपणेही नाही. हे सगळे एकमेकांचे पाहुणे असतात. कोल्हापूरच्या तावडे हॉटेलजवळ बोललेलं तुम्ही कागल ओलांडायच्या आत निपाणीला पोहोचलेलं असतं. भाराबद्दल मात्र तिथेच स्पष्ट बोला. २०१८ मध्ये ॲक्सलभाराची मर्यादा वाढली तेव्हा तीन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीसवर गेलं. पण जुन्या गाडीचं पासिंग आपोआप बदललं असं नाही. आरसीवर काय लिहिलंय तेच खरं. 'दोन टन जास्त टाका, काट्याचं आम्ही बघतो' म्हणणारा मालक स्वस्त पडतो, आणि अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी काट्याची पावतीच मागते.

जेवणाचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही लाजून विचारलेला दिसतोय. कोल्हापुरात तांबडा-पांढरा नाकारून उठता येत नाही, प्रयत्नही करू नका. घरचं जेवण जेवा. लॉजचं बिल, डिझेल, टोल मात्र स्वतःच्या खिशातून किंवा कंपनीच्या कार्डावरून द्या, आणि निघताना गाडीच्या डिकीत गुळाची ढेप किंवा चपलांचा खोका आपोआप आलेला दिसला तर हसत परत करा. एकदा ठेवून घेतलं की पुढच्या वेळी दाव्याची रक्कम कापताना तुमचा हात अडखळतो. शाकाहारी असाल तर आधी फोनवर सांगा, नाहीतर वहिनींची धावपळ होते.

बेळगावपर्यंत मराठीवर भागतं. धारवाड-हुबळीकडे हिंदी चालते, पण हिशेब लिहिणारा मुनीम कन्नडमध्ये विचार करत असतो, तेव्हा आकडे तोंडी ठेवू नका, कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. हुबळीला गेलाच आहात तर व्हीआरएल या मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा पसारा बाहेरून का होईना बघून घ्या. १९७६ मध्ये गदगहून एका ट्रकवर सुरू झालेला तो धंदा आहे. तुमच्या यादीतल्या तीन गाड्यांच्या मालकाकडे 'छोटा माणूस' म्हणून बघायची सवय लागली असेल तर त्यावर उतारा म्हणून सांगतो. तिथल्या छोट्या मालकांची खरी अडचण परतीच्या मालाची असते. तुमच्या कंपनीचा हुबळीहून पुण्याकडे येणारा काही माल असेल, अगदी रिकामे क्रेट आणि पॅलेटसुद्धा, तर त्याची यादी बरोबर न्या. जाताना दर मागायला आणि येताना भाडं द्यायला आलेला माणूस त्यांनी फारसा पाहिलेला नसतो.

रात्री नऊनंतर स्वतः गाडी चालवू नका. वाचणारा एक मुक्काम त्या जोखमीइतका मोलाचा नाही. त्या वेळात लॉजवर बसून दिवसाची टिपणं उतरवून काढा, कारण तिसऱ्या दिवशी कुठला मालक काय म्हणाला याची खिचडी होते. चेकलिस्टचे उरलेले रकाने तेव्हाच भरा. मालकासमोर फॉर्म काढून बसलात की तो उत्तरं तुमच्यासाठी देत नाही, फॉर्मसाठी देतो.

परत आल्यावर तीन दिवसांच्या आत नऊही जणांना व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवा : तुम्ही हे मागितलं होतं, हे मी करतोय, हे अमुक खात्याकडे दिलं आहे, हे जमणार नाही. 'जमणार नाही' ही ओळ गाळू नका. मेसेजनंतरचा फोन बहुतेक त्याच ओळीवरून येतो, आणि तोच खरा कामाचा असतो. त्या कराडच्या मालकाच्या गाड्या परत सुरू झाल्या त्या अशाच एका फोनवरून. मी लिहिलं होतं, डिटेन्शनचे, म्हणजे गाडी अडकून राहिल्याबद्दलचे, मागचे पैसे मिळणार नाहीत. त्यावर त्याचा फोन आला आणि म्हणाला, 'बरं झालं सांगितलंत, मी वहीतनं ती ओळ खोडतो. परवा दोन गाड्या रिकाम्या होतायत पुण्यात, भरता का?'

तुम्ही सोमवारी निघणार असाल तर शुक्रवारी दुपारीच अकाउंट्समध्ये जाऊन बसा आणि अडलेल्या पोचींची यादी हातात पडल्याशिवाय उठू नका. डेपोचं कपाटही त्याच दिवशी उघडून बघा. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर तिथून ही माहिती फोनवर कुणी देत नाही.